कुर्तुबा आणि औरंगाबाद : पायी वाचावयाची दोन शहरे

उर्दूच्या वर्गात स्पेन येतो तो बहुधा एका कवितेच्या वाटेने. तिसऱ्या गोलमेज परिषदेनंतर, जानेवारी १९३३ मध्ये, अल्लामा इक्बाल स्पेनला गेले. माद्रिदमध्ये त्यांचे व्याख्यान झाले, कुर्तुब्याच्या जुन्या मशिदीत त्यांनी नमाज अदा केली, आणि पुढे १९३५ साली 'बाल-ए-जिब्रील' या संग्रहात 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही दीर्घ नज्म प्रसिद्ध झाली. ही नज्म आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत तिचा आशय लिहितात. मात्र त्यांच्या मनात कुर्तुबा म्हणजे एक हळहळ एवढेच उरते. तेथे गल्ल्या आहेत, नदी आहे, पूल आहे, पाण्याचे पाट आहेत, आणि ते सारे एका सकाळी पायी पाहून होते, ही गोष्ट निसटून जाते. त्याहून अधिक खंत वाटावी अशी गोष्ट म्हणजे, ज्या विद्यार्थ्याला कुर्तुब्याच्या खांबांविषयी चार ओळी सांगता येतात, त्याने बहुधा औरंगाबादची जामा मशीद पाहिलेली नसते. मुंबईहून औरंगाबाद, नांदेड, किनवट या मार्गाने येणारी नंदीग्राम एक्स्प्रेस आपल्या आदिलाबाद स्थानकात थांबते, तरीही.

प्रस्तुत लेखात ही दोन शहरे शेजारी ठेवून पाहावयाची आहेत. यापैकी दुसरे आपल्याला परके नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद आणि औरंगाबाद एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते, आणि आपल्याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे मराठी भाषिक तालुके त्या वेळी पलीकडे गेले. औरंगाबादचे अधिकृत नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे आहे. येथे चर्चा मुख्यतः जुन्या काळाची असल्यामुळे त्या त्या काळातील नाव वापरले आहे.

आधी कुर्तुबा. स्पॅनिश लोक त्याला कोर्दोबा म्हणतात. शहराच्या दक्षिणेस नदी वाहते, तिचे आजचे नाव ग्वादलकिविर. उर्दू-अरबी जाणणाऱ्या वाचकाला हे नाव मोठ्याने उच्चारले की त्यातील 'अल-वादी अल-कबीर' लगेच ऐकू येतो. नदीवर रोमनांच्या काळापासूनचा पूल आहे. पुलावरून शहराकडे येताना डाव्या हाताला, नदीच्या काठाशी, एका जुन्या रहाटाचे लाकडी चक्र दिसते. असल्या चक्राला स्पॅनिशमध्ये 'नोरिया' म्हणतात, हा अरबी 'नाऊरा'. पुलाच्या टोकाशी मशीद.

या मशिदीचे बांधकाम पहिल्या अब्दुर्रहमानने इ.स. ७८५ च्या सुमारास सुरू केले. दुसऱ्या अब्दुर्रहमानने ती नवव्या शतकात वाढविली, दुसऱ्या हकमने दहाव्या शतकात पुन्हा वाढविली, आणि शेवटी ९८७ च्या सुमारास हाजिब अल-मन्सूरने. पुस्तकात हे चार टप्पे चार ओळींत येतात. पायी चालणाऱ्याला मात्र एक वेगळी गोष्ट कळते. पहिल्या तिघांनी मशीद किब्ल्याच्या दिशेने, म्हणजे नदीकडे, लांबवीत नेली. अल-मन्सूरची पाळी आली तेव्हा नदी आडवी होती, म्हणून त्याने ती पूर्वेला बाजूने रुंद केली. त्यामुळे मिहराब इमारतीच्या मध्यावर राहिला नाही. साडेआठशेच्या आसपास खांब, त्यांवर लाल वीट आणि पांढरा दगड यांच्या दुहेरी कमानी, आणि त्या दाटीतून चालताना मिहराब एका बाजूला सरकलेला. नदीने इमारतीचा आराखडा बदलला हे नकाशा पाहून समजते, पण पटते ते पायांना.

१२३६ साली तिसऱ्या फर्डिनांडने शहर घेतले आणि मशिदीचे कॅथेड्रल झाले. आपल्याकडे कथा बहुधा येथेच संपवितात. पुढची हकीकत सांगितली जात नाही, ती अशी : १५२३ मध्ये मशिदीच्या मध्यभागी उंच कॅथेड्रल उभारण्यासाठी खांब पाडण्याचे ठरले, तेव्हा विरोध केला तो शहराच्याच ख्रिस्ती नगरसभेने. सम्राटाचा निर्णय येईपर्यंत पाडकामाला हात लावणाऱ्या कारागिराला मृत्युदंड दिला जाईल, अशी ताकीद तिने जाहीर केली. सम्राट पाचव्या चार्ल्सने पाद्र्यांच्या बाजूने कौल दिला आणि मधला भाग पाडला गेला, हे खरे. परंतु आपल्या शहरातील वास्तू दुसऱ्या धर्मीयांची असूनही ती आपली आहे असे मानणारे नगरजन तेथे होते, हा तपशील नज्म शिकविताना जोडला तर विद्यार्थ्यांच्या हळहळीला निराळे वळण लागेल असे मला वाटते.

मशिदीच्या बाहेर संत्र्यांच्या झाडांचे अंगण आहे. झाडांच्या ओळींमधून दगडी पाट काढलेले आहेत. उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले की यहुद्यांची जुनी वस्ती लागते. तेथे १३१५ सालचे सिनेगॉग उभे आहे. स्पेनमध्ये मध्ययुगातील अशी फारच थोडी शिल्लक आहेत. याच शहरात ११२६ मध्ये इब्न रुश्द जन्मले आणि त्यांच्यानंतर काही वर्षांनी यहुदी तत्त्वज्ञ मूसा बिन मैमून, आणि दोघांचेही पुतळे आज जुन्या शहरात आहेत. घरे बाहेरून साधी, आत मात्र फुलांनी भरलेला चौक आणि बहुधा मध्ये विहीर किंवा हौद. हे चौक मे महिन्यात लोकांसाठी खुले होतात, आणि त्या उत्सवाची २०१२ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. मशिदीला जागतिक वारशाचा दर्जा १९८४ मध्ये मिळाला होता. १९९४ मध्ये तो भोवतालच्या जुन्या शहरालाही देण्यात आला. म्हणजे दहा वर्षांत तेथील लोकांनी एवढे ओळखले की इमारत एकटी वाचत नाही, तिच्याकडे येणारी गल्लीही वाचवावी लागते.

आता औरंगाबाद. येथे पायी फिरण्यासाठी बिबीका मकबरा हे आरंभाचे ठिकाण नव्हे. सहली तेथे बसने जातात, छायाचित्रे काढतात आणि पुढे वेरूळला निघतात, त्यामुळे शहर पाहिलेच जात नाही. आरंभ भडकल दरवाज्यापासून करावा.

हा दरवाजा १६१२ चा. मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ मलिक अंबरने तो उभारला असे सांगितले जाते. अंबर हा १५४८ च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मला. गुलाम म्हणून अनेक हातांतून विकला जात बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीत चंगेजखान या, स्वतःही हबशी असलेल्या, पेशव्याच्या पदरी राहिला. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यानंतर बुडत्या निजामशाहीला त्याने पाव शतक तगविले, ते मुख्यतः मराठा घोडदळाच्या आणि गनिमी काव्याच्या बळावर. खडकी या लहान गावी त्याने १६१० मध्ये राजधानी वसविली. तिच्या पेठांपैकी मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली. पुढे मोगल आले तेव्हाही हीच रीत राहिली : करणपुरा आणि पदमपुरा बिकानेरच्या करणसिंह व पदमसिंह यांचे, जयसिंगपुरा मिर्झा राजांचा, भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंहाचा. शहराच्या मोहल्ल्यांची नावे एका कागदावर उतरवून काढली तर सतराव्या शतकातील दख्खनच्या राजकारणाची निम्मी यादी तयार होते. विद्यार्थ्यांकडून हे काम जरूर करून घ्यावे.

भडकल दरवाज्यावर नौबत वाजत असे, आणि तो अंबरच्या नौखंडा महालाकडे नेणारा दरवाजा होता. महाल १६१६ चा. पुढे आसफजाही काळात त्यात भर पडली. आज त्या नौखंड्याच्या जागेत डॉ. रफिक झकेरिया यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. हबशी गुलामाच्या महालात मुली पदवीचा अभ्यास करतात, हे पाहण्यासाठी आपल्या संस्थेच्या शिक्षकांनी तरी तेथे थांबावे.

तेथून सिटी चौक आणि जुन्या बाजाराच्या बाजूने उत्तरेस, आमखास मैदान व किल्ले अर्क यांच्या दिशेने चालत गेले की जामा मशीद येते. या वास्तूची कुर्तुब्याशी तुलना आकाराने होणार नाही, आणि तशी ती करूही नये. येथे पन्नास बहुकोनी खांब पाच ओळींत उभे आहेत, त्यांवर कमानी व घुमटाकार छत, आणि दर्शनी बाजूस नऊ कमानी. या नऊपैकी पाच मलिक अंबरच्या, १६१२ च्या, आणि चार औरंगजेबाने वाढविलेल्या. जहांगीरने अंबरचा किती द्वेष केला हे 'तुझुक' वाचणाऱ्यास माहीत आहे. १६२१ च्या सुमारास मोगल फौजांनी खडकी उद्ध्वस्त केली होती. त्याच जहांगीरच्या नातवाने अंबरची मशीद न पाडता तिला चार कमानी जोडल्या. कुर्तुब्यात एकाच घराण्याचे आणि त्यांच्या वजिराचे हात एकापुढे एक लागले, येथे शत्रूचे. पाच कोणत्या आणि चार कोणत्या हे विद्यार्थ्यांना न सांगता शोधावयास लावावे.

औरंगाबाद शहराचा खरा इतिहास मात्र जमिनीखाली आहे. खडकी वसविताना अंबरपुढे पहिला प्रश्न पाण्याचा होता. खाम ही लहान नदी. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव बोगद्यातून, केवळ उताराच्या आधाराने, शहरापर्यंत आणण्यात आले. हीच नहर-ए-अंबरी. बोगद्यावर ठिकठिकाणी उभे झरोके ठेवले, त्यांतून हवा खेळते आणि गाळ काढण्यासाठी माणूस उतरू शकतो. शहरात आल्यावर मातीच्या नळांनी हौदांना, मशिदींना, हवेल्यांना पाणी वाटले जाई. पद्धत मूळची इराणकडची, कनातीची. तिचा एक फाटा पश्चिमेला अंदलुसपर्यंत गेला, आणि आजच्या माद्रिद शहराचे पाणीही कित्येक शतके अशाच भुयारी मार्गांनी येत असे. दुसरा फाटा दख्खनमध्ये आला. गंमत अशी की, याच सुमारास, १६१५ मध्ये, अंबरचा मोगल प्रतिस्पर्धी अब्दुर्रहीम खानखाना यानेही बुऱ्हाणपुरात तसल्याच भुयारी नहरा बांधवून घेतल्या. रणांगणावर एकमेकांसमोर असलेले दोघे सरदार पाण्याच्या बाबतीत एकाच विद्येचे शागीर्द होते.

भाषा शिकविणाऱ्यांसाठी येथे थोडे थांबण्यासारखे आहे. स्पॅनिशमध्ये शेताच्या पाटाला 'असेकिया' म्हणतात, तो अरबी 'अस-साकिया' होय, आणि आपल्या गझलेतील साकी त्याच धातूचा. तळ्याला 'अल्बेर्का', म्हणजे 'अल-बिरका'. पावसाचे पाणी साठविण्याच्या टाक्याला 'अल्जिबे', म्हणजे 'अल-जुब्ब'. इकडे मराठीने अरबी 'हौज'चा हौद केला, आणि तो इतका आपला झाला की तो अरबी आहे याची खेड्यातील म्हातारीला शंकाही येत नाही. 'नहर' दख्खनीत तशीच राहिली. 'पाणचक्की' हा तर निव्वळ देशी शब्द. राजवटी गेल्या, स्पेनमधून तर बोलणारे लोकही घालविले गेले, परंतु पाण्याचे शब्द दोन्हीकडे राहिले, कारण ते शेतकऱ्याच्या, भिश्त्याच्या आणि माळ्याच्या तोंडी होते. उर्दू आणि मराठी यांचे नाते सांगताना आपण दरबार आणि कचेरीचे शब्द देतो. हौदापासून सुरुवात केली तर मुलांना ते लवकर समजते, असा माझा वर्गातील अनुभव आहे.

जामा मशिदीकडून खामच्या काठाने महमूद दरवाज्याशी यावे. दरवाज्याला लागून पाणचक्की आहे. ही बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी बुजुर्गांची खानकाह. ते बुखाऱ्याकडील, आपले पीर बाबा पलंगपोश यांच्यामागून दख्खनमध्ये आले, आणि हे पीर गाजिउद्दीनखान फिरोजजंगाच्या लष्कराबरोबर फिरत असत. या खानकाहची 'मल्फूझात-ए-नक्शबंदिया' ही फारसी नोंद उपलब्ध आहे. तिचा सायमन डिग्बी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुलतान आणि लढाया कमी. तुराणी शिपाई, फकीर, कर्जबाजारी आणि भुकेले प्रवासी जास्त. शहरात सामान्य माणूस कसा राहत होता हे जाणून घेण्यासाठी याहून चांगले साधन मला ठाऊक नाही. पुढे अरबी-फारसीचे मोठे विद्वान गुलाम अली आझाद बिलग्रामी याच तकियात राहिले. त्यांची कबर खुलताबादला आहे.

पाणचक्कीचे यंत्र अठराव्या शतकातील. हर्सूलच्या बाजूने, कित्येक किलोमीटर अंतरावरून, बंद नळातून आलेले पाणी येथे एका उंच भिंतीत चढते आणि वरून हौदात कोसळते. ते पंपाशिवाय चढते कसे, असे मुले हमखास विचारतात. उगम उंचावर आहे, नळ बंद आहे, पाणी आपली पातळी गाठू पाहते, म्हणून ते चढते. त्या पडत्या पाण्यावर चक्की फिरून लंगरासाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. उन्हाळ्यात या दालनात शिरल्यावर शीतकरणाचा वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

आणि तरीही हे शहर आज पाण्यासाठी ओळखले जाते ते उलट अर्थाने. अलीकडच्या वर्षांत अनेक वस्त्यांत नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येत आले आहे, आणि तेही पन्नासएक किलोमीटरवरच्या पैठणच्या जलाशयातून उपसून आणलेले. जुन्या नहरांवर घरे उठली, झरोके बुजले, कोठे सांडपाणी सोडले गेले. चारशे वर्षांपूर्वीच्या नहरीने आजच्या लोकसंख्येची तहान भागेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण तिचा मार्ग तरी नकाशावर राखता आला असता. बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणून ते मिरवते, त्यापैकी थोडेच दरवाजे आज उभे आहेत. गेलेल्यांपैकी बरेच कोणा फर्डिनांडने पाडले नाहीत. ते रस्तारुंदीत गेले, दुर्लक्षाने ढासळले, त्यांचे दगड आसपासच्या भिंतींत बसले. ज्यांच्या पूर्वजांनी ते बांधले म्हणून आपण अभिमान सांगतो, त्यांच्यापैकीही फार थोड्यांनी त्या वेळी आवाज उठविला. १५२३ च्या कुर्तुब्यातील नगरसभा मला या संदर्भात आठवते.

पाणचक्कीवरून मकई दरवाज्याने बेगमपुऱ्यात शिरावे. मक्केच्या दिशेचा म्हणून मक्का दरवाजा, लोकांनी त्याचे मकई केले. पूल ओलांडताना वाहनांची गर्दी त्रास देते, विद्यार्थ्यांची रांग सांभाळावी लागते. बेगमपुऱ्याच्या टोकाला मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ मध्ये वारली. मकबऱ्यावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत, साल १६६१. हा अताउल्ला ताजमहालच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे नोंदला गेला आहे. ताजची गरीब नक्कल म्हणून या इमारतीला हिणविण्याची चाल आहे. मला ती पटत नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय होईल.

उर्दूच्या शिक्षकाने मकबऱ्यात घुमटापेक्षा बागेकडे जास्त लक्ष द्यावे. मौलवी अब्दुल हक अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम औरंगाबादहून चालवीत होते, तेव्हा त्यांचे राहणे याच परिसरात होते. 'चंद हमअस्र' या पुस्तकात सर सय्यद, हाली यांच्या शब्दचित्रांबरोबर त्यांनी या बागेतल्या एका दलित माळ्याचे, नामदेवचे, शब्दचित्र लिहिले. एका वर्षी पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, बागा वाळल्या, नामदेवची तेवढी हिरवी राहिली, कारण तो दिवसरात्र दुरून पाणी आणून एकेका रोपाला घालीत होता. नहरींच्या शहरात, मोगल बागेत, दुष्काळाच्या साली एक माळी डोक्यावरून पाणी वाहतो. शहराच्या इतिहासातले हे पान कोणत्याही गॅझेटिअरमध्ये नाही.

भडकल दरवाज्यापासून येथपर्यंतचे चालणे साधारण पाच-सहा किलोमीटरचे होते. दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत, शुक्रवार दुपार टाळावी, सकाळी सातला निघावे. मकबऱ्याच्या बागेत पोचल्यावर मुलांना सावलीला बसवून 'नामदेव माली' मोठ्याने वाचून दाखवावे. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एकेका परिच्छेदानंतर मराठीतून सांगत गेले तरी अर्ध्या तासात वाचून होते.